पुराचा माल

आमच्या आईला घासाघीस करताना ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना ती कला शब्दांनी कळायची नाही. तरी सांगून बघते. दुकानात शिरताच ती आधी शेठच्या तब्येतीची, मग त्याच्या पोराबाळांची चौकशी करायची. मग कापड हातात घेऊन चुरगाळायची, उजेडाकडे धरायची आणि कुणी कच्चं कारलं चावायला दिल्यासारखं तोंड करायची. भाव ऐकला की उठायची. पहिल्यांदा उठली की नुसती पिशवी उचलायची. दुसऱ्यांदा उठली की चपला घालायची. तिसऱ्यांदा मात्र ती खरोखर पायरी उतरून रस्त्यावर जायची, आणि मी आत बाकावर बसलेलीच असायचे, कारण मला मागे ठेवणं हा त्या डावाचाच भाग होता. पोरगी आत आहे म्हणजे बाई परत येणार, हे शेठला कळायचं; पण येईल ती एकदाच, हेही कळायचं. तेवढा वेळ मी डोळे खाली घालून बसावं असा मला हुकूम होता. माझं अर्धं बालपण पोलादपूरच्या दुकानांत असं डोळे खाली घालून गेलं, म्हणून मला गिऱ्हाइकांच्या चपलांची फार चांगली पारख आहे.

आम्ही राहायचो कापड्याला. वडील, म्हणजे अण्णा, तिथल्याच प्राथमिक शाळेत मास्तर. आमची बौद्धवाडी गावाच्या कडेला, भाताच्या खाचरांना लागून. पावसाळ्यात घरात बसलं की कौलांवरचा पाऊस, खाचरातले बेडूक आणि अण्णांचं मोठ्याने वर्तमानपत्र वाचणं, हे तिन्ही आवाज एकदमच चालू असायचे आणि कुणी कुणाला ऐकू देत नसे. वर्तमानपत्रही कालचं असायचं. एसटी आणेल तेव्हा यायचं. जेवायला तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी नाहीतर कुळथाची पिठी, आणि आईच्या मनात असलं तर चुलीत भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा. अण्णा अगदी नेमस्त माणूस. दुकानदार सांगेल तो भाव मुकाट देऊन यायचे, आणि मग आई त्यांना दोन दिवस जेवताना ऐकवायची. "तुमी दुकानात गेलात की शेटच्या घरी त्या दिवशी गोडाचं व्हतं," असं म्हणायची. अण्णा हसायचे आणि पिठी ओरपायचे.

आईचं माहेर महाडचं, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला. महाडच्या माणसाला पूर नवा नसतो. नदी फुगली की सामान माळ्यावर, म्हातारी माणसं उंचावरच्या सोयऱ्यांकडे, आणि पाणी उतरलं की घरातला गाळ फावड्याने ओढून बाहेर, हे तिने परकरात असल्यापासून केलेलं. पाणी ओसरल्यावर पेठेत जो बाजार भरायचा, त्याला आमच्याकडे एकच नाव होतं, पुराचा माल. भिजलेली कापडं, चिखलात लोळलेली पातेली, फुगलेल्या खोक्यांतले साबण, दुकानदार सगळ्याचे रस्त्यावर ढीग लावून मातीमोल विकून टाकायचे आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायका त्या ढिगांवर तुटून पडायच्या. गाळ धुतला की आत साडी नवीकोरी! आमच्या घरातले पत्र्याचे डबे, माझं दप्तर, इतकंच काय अण्णांची छत्रीसुद्धा, सगळं कधी ना कधी सावित्री नदीत बुडून आलेलं होतं. हल्ली आमची सून प्राची फोनवर बोट फिरवता फिरवता विचारते, "आई, तुमच्या लहानपणी सेल असायचे का हो?" असायचे बाई. फक्त तारीख नदी ठरवायची.

मी नववीत असताना असाच मोठा पूर आला. दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी चढलं होतं. एसटी सुरू झाली त्याच दिवशी आई महाडला गेली, भावाच्या घरचा गाळ काढून आली, आणि येताना दोन पातेली आणि एक बादली घेऊन आली. त्या दिवशी जेवताना अण्णा पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलले. "अगं, तो माणूस आयुष्यभराचं दुकान रस्त्यावर मांडून बसलाय, आणि तू त्याच्याशी बादलीवरून हुज्जत घालतेस? लोकांच्या नुकसानीत आपला फायदा शोधायचा, हे गणित मी वर्गात शिकवत नाही."

"मंग त्यानं ती बादली उरावर घिऊन बसायचं काय? मी उचलली म्हून त्याची तेवढी पायरी मोकळी झाली."

"पंचशीलात दुसरं काय सांगितलंय?"

"न दिलेलं घ्यायचं नाय. तो देतोय, मी घेतेय. वाढू का अजून पिठी?"

मला तेव्हा दोघांचंही पटलं होतं. आजही दोघांचं पटतं, आणि त्यामुळे माझी आयुष्यभर पंचाईत झाली आहे.

त्या वर्षी दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, वाडीतल्या बायकांनी विहारात एकसारख्या कोऱ्या पांढऱ्या साड्या नेसून बसायचं ठरवलं. अकरा साड्या. त्या आणायच्या कुणी, हा प्रश्नच नव्हता. अकरा घरांनी वर्गणी आईच्या हातात दिली तेव्हा तिची मान इतकी ताठ झाली की अण्णा म्हणाले, "आता दारातून वाकून ये, नाहीतर डोकं आपटेल." पण गंमत सोडा, तिची अब्रूच त्या साड्यांवर टांगलेली होती. वाडीत कुणी आईच्या पायी बुडालं, असं आजवर झालं नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही पोलादपूरला मधुशेठच्या दुकानात गेलो. एसटी स्टँडच्या जवळच, रस्त्याच्या वरच्या अंगाला त्यांचं कापडाचं दुकान. त्यांची मुलगी कुंदा हायस्कुलात माझ्याच बाकावर बसायची. माझ्या डब्यातला जवळा तिचा आणि तिच्या डब्यातलं लोणचं माझं, असा आमचा करार होता. मधुशेठनी पांढऱ्या सुती साड्या काढल्या. खळ घातलेल्या, करकरीत, बोट लावलं तर आवाज यावा अशा. आई रीतसर तीनदा उठली. मी डोळे खाली घालून बसले, आणि गल्ल्याशेजारी बसलेल्या कुंदानेही डोळे खाली घातले, कारण तिलाही बहुतेक तोच हुकूम असावा. पण मधुशेठनी हाक मारलीच नाही. आईला स्वतःहून आत यावं लागलं, ते केवळ मला न्यायला. अपमान गिळत ती म्हणाली, "महाडला पुराच्या मालात ह्याच्या निम्म्यात मिळतंय शेट. कोऱ्याचं काय करायचं?" आणि माझा दंड धरून निघाली. महाडला गेलो तर तिथल्या पांढऱ्या साड्या कधीच उचलल्या गेल्या होत्या, आणि उरल्या त्या कुजल्या होत्या.

पंधरा दिवसांनी, गणपतीच्या तोंडावर, मधुशेठच्या दुकानावर पुठ्ठ्याची पाटी लागली. 'महाडच्या गोदामातील पुराचा माल. गणपतीनिमित्त मिळेल त्या भावात.' दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईहून आलेले चाकरमानी, खेड्यापाड्यांतल्या बायका, सगळे चिखलाळलेल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभे. आई त्या गर्दीत शिरली आणि थोड्या वेळाने अकरा पांढऱ्या साड्या छातीशी धरून बाहेर आली. भाव तिने पाडलाच. मात्र दर वेळी पाडताना "अरेरे शेट, केवढं नुकसान झालं हो तुमचं" असंही म्हणत होती. तिची दया खोटी नव्हती. पाटीची खबर आधीच कानावर आल्यामुळे येतानाच तिने टोपलीत भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि परसातल्या चार काकड्या आणल्या होत्या, गोदाम बुडालेल्या घरात चूल धड पेटत नसणार म्हणून. कुंदाच्या आईने ती टोपली दोन्ही हात पुढे करून घेतली, पण आमच्याकडे बघितलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरी येऊन अण्णांना सांगितलं, की आपल्या घरची भाकरी त्यांनी हात पुढे करून घेतली, तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्र मिटून खाली ठेवलं.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी पाहिली होती. कुंदाच्या नखांच्या कडा तांबूस दिसत होत्या. "मेंदी काढलीस नि मला सांगितलं पण नायस?" मी चिडवलं. "हूं," म्हणाली आणि तिने हात ढिगाखाली घातले.

गाळ धुण्याचं आईचं एक शास्त्र होतं. आधी नुसतं वाहतं पाणी, साबण अजिबात नाही. "पहिल्या पाण्यात नदी निघून जाऊ दे, मंग साबण लाव," असं ती सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वहाळावर, वाडीजवळच्या ओढ्यावर गेलो. आईने पहिली साडी पाण्यात सोडली आणि पाणी लालभडक झालं. ती थांबली. साडीचा काठ नाकाशी नेला. पुराच्या गाळाला एक वास असतो, रॉकेल, कुजलेलं धान्य, गटार असा सगळ्याचा मिळून, आणि तो चार धुण्यांनी जात नाही. या साडीला परसातल्या अळवाच्या वाफ्याचा वास येत होता. मग तिने साडी उलगडली. माती फक्त घडीच्या कडांना लागलेली. आतलं कापड स्वच्छ, खळ तशीच.

"पुराचं पाणी घडी बघून शिरतंय व्हय गो?" ती म्हणाली. "आनि महाडचा गाळ करडा. आयुष्यभर ओढलाय मी. ही इथली माती हाय. डोंगराची."

मला कुंदाची नखं आठवली. पण नखांचं मी आईला सांगितलं नाही. आईची आणि तिची, दोघींची मला सारखीच लाज वाटत होती.

नदीचा गाळ सुताला धरत नाही, धुतला की जातो. तांबडी माती मात्र जाता जात नाही. आईने सोडा घातला, लिंबू चोळलं, मोठ्या पातेल्यात साड्या उकळल्या, नीळ दिली, दर दोन दिवसांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. प्रत्येक घडीवर फिकट गुलाबी पट्टा राहिला तो राहिलाच. बायका विचारायला आल्या की "कडक इस्त्री करून देते गो" म्हणून ती वेळ मारून न्यायची, आणि त्या गेल्या की चुलीपुढे कपाळाला हात लावून बसायची. अण्णांना चिडवायला इतकी चांगली संधी आयुष्यात आली नव्हती, पण त्यांनी चिडवलं नाही. तेव्हाच मला प्रकरण गंभीर असल्याचं समजलं.

गणपती गेल्यावर आई मला घेऊन पोलादपूरला गेली. दुकानातली गिऱ्हाइकं जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग तिने पिशवीतून एक साडी काढून मधुशेठपुढे ठेवली.

"शेट, आमची महाडची नदी कदीपासून तांबडी व्हायला लागली?"

मधुशेठनी साडीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते गल्ला उघडायला लागले. "पैसे परत नेवा बाई. पण बोलू नका कुठं."

पडद्यामागून कुंदाची आई पुढे आली. तिच्यामागे कुंदा. "पैसे नेवा, पण ऐकून जावा," ती म्हणाली. "आमचं गोदाम बिदाम काय नाय महाडला. आमचं काय भिजलं नाय, हेच आमचं चुकलं. पूर झाल्यापास्नं दुकानात कुत्रं फिरकलं नाय. जो तो महाडला. कोरा माल कुणाला नको. ह्याच साड्या तुमी हातात धरल्या हुत्या मास्तरीणबाई, कोऱ्या हुत्या तवा. काय म्हणालात? कोऱ्याचं काय करायचं! मंग आमी माती कालवली. चांगल्या कापडाला माती लावताना पोरगी माझी रडत हुती."

आईने साडी घडी करून परत पिशवीत घातली. पैसे घेतले नाहीत. एकदाच उठली आणि सरळ चालायला लागली. एसटीत खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "ह्याच साड्या हुत्या गो. मी वळखल्या पण नाय." आणि कापडे येईपर्यंत पदराने डोळे पुसत राहिली. आई रडली ती फसली म्हणून नव्हे, हे मला तेव्हाही कळलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी विहाराच्या अंगणात साड्या वाटायची वेळ आली. आणखी पुढे ढकलायला सबबच उरली नव्हती. बायकांनी घड्या उलगडल्या. वाडीत सगळ्यांत वडील ठकूआजी. तिने साडी डोळ्यांजवळ नेली. "गो मास्तरणी, ही पांढरी की गुलाबी?"

"माझी चूक," आई म्हणाली. "पुराचा माल हुता, चांगला हुता. मीच वहाळावर तांबड्या मातीत आपटल्या. लक्ष नव्हतं माझं."

अण्णा विहाराच्या दारात उभे होते. खोटं बोलू नये हे पंचशीलातलं चौथं, आणि आई ते विहाराच्याच अंगणात मोडत होती. त्यांना जोराचा खोकला आला. वाडीतली सगळ्यांत हुशार गिऱ्हाईक अकरा घरांपुढे स्वतःला गबाळी म्हणवून घेत होती, आणि मला इतकं भरून आलं की मी तिचा पदर धरला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काकीनं नाय आपटल्या."

कुंदा उभी होती. सकाळच्या एसटीने आपट्याची पानं घेऊन मला सोनं द्यायला आली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं. "पुराचा माल नव्हताच तो. आमच्याच दुकानातला कोरा हुता. माती मी लावली," ती म्हणाली आणि पानांची जुडी मुठीत चुरगाळून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. आता पोलादपूरभर होणार, मधुशेठचं दुकान बसणार, आणि कुंदा माझ्याशी कधी बोलणार नाही.

ठकूआजीने तिला जवळ बोलावलं. "हात बघू." कुंदाने हात पुढे केले. आजीने ते उलटेसुलटे करून बघितले, मग साडीकडे बघितलं, मग आईकडे. "पोरी, हात चांगला हाय तुझा," ती म्हणाली. "अशी लावलीस, आमच्या मास्तरणीला पन निघंना!"

आधी कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक आईच. मग सगळं अंगण हसत सुटलं आणि कुंदा एकटी त्या हसण्याच्या मध्ये रडत उभी. त्या दिवशी अकरा बायका गुलाबी पट्ट्यांच्या साड्या नेसून वंदनेला बसल्या, आणि कुंदा माझ्या शेजारी बसली. मधुशेठचं नाव वाडीबाहेर गेलं नाही. संध्याकाळी अण्णांनी आईला विचारलंच, "मग, चौथं शील मोडलंस ते?" आई म्हणाली, "दुसरं फाटलेलं शिवायला घेतलं हुतं, धागा कमी पडला, तो चौथ्यातनं काढला." अण्णा हसले आणि त्यांनी पिठीसाठी ताट पुढे केलं.

त्यानंतर आई सुधारली, असं लिहिलं तर ती जिथे असेल तिथून हसेल. घासाघीस तिने मरेपर्यंत केली, त्याच दुकानात केली, आणि दर वर्षी अकराही जणींना घेऊन केली. पण एक फरक पडला होता, आणि तो फक्त मला आणि कुंदाला माहीत होता. तिसऱ्यांदा उठली की आई चपलांपर्यंतच जायची. पायरी तिने पुन्हा उतरली नाही.

मधुशेठ गेल्यावर दुकान कुंदाने चालवायला घेतलं. आता तिच्या गादीवर ऊन पडतं आणि गिऱ्हाईक कमी पडतं. येतात त्या पोरी साडी हातात घेतात, तिचा फोटो काढतात आणि 'बघून येतो' म्हणून जातात. गेल्या गणपतीला मी प्राचीला घेऊन तिच्याकडे गेले. कुंदाने एक पांढरी सुती साडी काढली, बारीक निळ्या काठाची. मी ती चुरगाळली, उजेडाकडे धरली, तोंड वाकडं केलं, रक्तातच आहे. इतक्यात प्राचीने फोन माझ्यापुढे धरला आणि कुजबुजली, "आई, सेल चालू आहे. हीच साडी निम्म्या किमतीत. घरपोच."

आणि मी उठले. खोटं कशाला लिहू? पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि अख्खी पायरी उतरून रस्त्यावर आले. मागे कुंदा साडीची घडी घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जा गो, बघून ये. तवर मी माती कालवून ठेवते."

प्राची आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली. मी चपला काढल्या, आत आले.

"भाव सांग," मी म्हटलं, आणि बाकावर डोळे खाली घालून बसले.